तारीख

यूलोचं ड्रोन हेल्वेच्या काचघरावर पडलं
त्या दुपारी वारा समुद्रावरून होता.
उंची एकशे अठरा मीटर. नियमात.
वजनही नियमात. खाली माणूस कुणी नाही,
टोमॅटोंत तेवढ्या काचा.

मी कुरेसारेहून पंचनाम्याला गेले,
पाय पुसून आत बसले, विचारलं,
परवाना?
चार दिवसांपूर्वी संपलेला.
“बटाटे काढत होतो,” यूलो म्हणाला.

आमच्या पॉलिसीत बटाट्यांना कलम नाही.
‘नामंजूर’ लिहिताना पेन जरा अडलं,
मग चाललं.

निघताना हेल्वेनं पिशवी हातात दिली.
“धुऊन खा. बघूनही.
एखादी राहिली असेल.”

रात्री स्वयंपाकघरात एकेक टोमॅटो
दिव्याखाली धरून
बराच वेळ फिरवत बसले.