खोडलेला आकडा

क्रोनोस्कोपला तेल घालायचं काम माझ्याकडे होतं.
हाले गावात, साले नदीच्या अलीकडे,
तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत
सेकंदाचे हजार तुकडे होत.
वजनाची दोरी मी रोज सकाळी वर ओढायचो,
मग चाकं अशी गुणगुणत
की वाटे, भिंतीत मधमाशी अडकलीय.

अंधाऱ्या खोलीत आन्सगार म्योरिंग बसे,
पाद्र्याचा मुलगा, नखं कुरतडलेली,
उजवं बोट पितळी कळीवर.
फळीवर चेंडू पडे.
आवाज आला की बोट उचलायचं, बस, एवढंच.
पाल चुकचुकावी तसा बारीक आवाज,
आणि तबकडीवर आकडा:
एकशे सव्वीस. एकशे एकतीस. पुन्हा सव्वीस.
डॉक्टर ब्रुनेक म्हणत, हा पोरगा म्हणजे घड्याळच.
पापणी लवायच्या आत मन कुठून कुठे जातं
ते आम्ही शाईनं लिहीत होतो.

माझा बाप मिठाच्या कढईवर होता.
खारं पाणी आटवत ठेवायचं,
पाणी उडतं, मीठ बसतं.
म्हणून डॉक्टरांचं बोलणं मला चटकन कळलं:
मनही आटवायचं,
तळाशी उरेल ते वेचायचं,
संवेदना इकडे, भावना तिकडे.
वाफेचं काय, असं बापाला कधी कुणी विचारलं नव्हतं.
मीही विचारलं नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार.
म्योरिंगचा कोट खुंटीवरून घसरला.
झटकून पुन्हा टांगताना दिसलं,
खिशातून काळ्या कडेचं पाकीट डोकावतंय,
फोडलेलं.
तेव्हा पाल माझ्याच मनात चुकचुकली.
आत पोरगा नेहमीसारखा ताठ.
चेंडू पडला.
चाकं गुणगुणत होती.
चेंडू पडून गेला तरी गुणगुणत होती,
आणि त्या आवाजाला लांबी असते
हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

चारशे सत्तेचाळीस.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी यंत्राकडे.
हातोडी पाडून तीनदा तपासलं. यंत्रात खोट नव्हती.
मग त्यांनी पट्टी धरून आकड्यावर रेघ ओढली,
कडेला लिहिलं: लक्ष विचलित. सरासरीत धरू नये.
काही झालंय का, त्यांनी विचारलं.
काही नाही, म्योरिंग म्हणाला.
त्या "काही नाही"ला किती वेळ लागला
ते मोजायला तेव्हा यंत्र चालू नव्हतं.

तेलाचं बिल उलटं करून
तो आकडा मी उतरवून घेतला.
कशासाठी, तेव्हाही ठाऊक नव्हतं.

पुढे ती खोली पांगली.
एकजण व्हिएन्नाला गेला म्हणे,
माणसांना आडवं करून स्वप्नं विचारतो.
ब्रुनेकांचा पुतण्या समुद्रापार, उंदरांना बोळ शोधायला लावतो,
लिहितो की आत कुणी नसतंच काका, नुसतं बोट आणि कळ.
फ्रांकफुर्टहून एक मुलगी जुनी यंत्रं बघायला आली होती,
ती म्हणाली, सूर सुटे केले की गाणं सापडत नाही.
हे मला पटलं.
पण तिला गाडी गाठायची होती.
म्योरिंगचं पुढे काय झालं कुणाला माहीत नाही,
नोंदवहीत तो अजून एकशे अठ्ठावीसच आहे.

बिल माझ्या खणात आहे.
तेल दोन मार्क, दोरी चाळीस फेनिग.
पाठीमागे शाई तपकिरी झालीय.

परवा दाराची घंटा वाजली.
धाकटा आमचा पूर्वेच्या आघाडीवर,
पोस्टमन या वेळी येत नाही.
खुर्चीपासून दारापर्यंत सहा पावलं.
अहो, उघडा की, बायको आतून ओरडली,
उघडा की.
माझा हात कडीवर होता.
चाकं गुणगुणत होती.