मोडी

रामलिंग खिंड गल्लीत, स्टँप व्हेंडरच्या माडीवर
मी जुने कागद वाचून देते. पानाला दीडशे रुपये.
बक्षीसपत्रं, वाटणीपत्रं, कुणाच्या विहिरीत कुणाची किती पाळी.
मेलेल्यांची भांडणं, जिवंतांच्या वकिलांसाठी.

सायबर ठाण्याचे बसलिंगय्या वर आले
तेव्हा जिन्यातच त्यांना दम लागला होता.
फाइलीतून एक झेरॉक्स काढली.
बारा ओळी, ओळीला एकच शब्द.
"ओदि, मेडम," म्हणाले, आणि मग आमच्यासारखंच,
"एवढं वाचून द्या की. बाकी सगळं झालंय."

काय झालंय ते चहाबरोबर कळलं.
निपाणीचा पोरगा, सुजल मगदूम, वय बावीस.
लोकांचे पैसे घेतले की नाही ते कोर्ट ठरवेल.
पैसे आहेत. सगळ्या जगाला दिसतात,
काचेच्या पेटीतल्या नाण्यांसारखे.
पेटी उघडत नाही.
बेंगळुरूला पाठवून झालं, दिल्लीचा माणूस येऊन गेला.
"सरकार आहात ना तुम्ही?"
"आहोत, मेडम. गणित ऐकत नाही सरकारचं."

हे इतकं खिन्नपणे म्हणाले
की मी दुसरा चहा सांगितला.

कुलूप मोडेना, म्हणून त्यांनी घराची झडती घेतली.
जोंधळ्याचा डबा, देव्हाऱ्यामागचा कोनाडा,
आईची ट्रंक घडी मोडून,
आणि आजोबांच्या तंबाखूच्या वखारीची वही.
तिच्या मागच्या पानावर, पेन्सिलीनं, ही किल्ली.

अक्षर बघितलं आणि हसू आलं.
आधी ओळभर रेघ, मग तिला लटकवलेली अक्षरं:
पायगोंडा मगदुमांनी नातवाला शिकवलेलं दिसत होतं,
वखारीच्या खकाण्यात शिंकत शिंकत.
शब्द मात्र इंग्रजी.
मोडीतली इंग्रजी, कन्नड पोलिसाच्या हातात,
मराठी बाईपुढे.
आमच्या जिल्ह्यात याला गुप्तलिपी म्हणत नाहीत,
बाजार म्हणतात.

"मोडता आलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले.
मला नाही वाटत.
त्या पेटीत कुलपाशिवाय काहीच नाही.
कुलूप म्हणजेच नाणं.
ते मोडण्याइतकं सरकार ज्या दिवशी मोठं होईल
त्या दिवशी त्याच्या हातात येईल
एक मोडकं कुलूप, पंचनाम्यासकट.
म्हणून किल्ली हवी असते. आणि किल्ली
गणितात नसते, माणसात असते, माणूस मऊ असतो.

"पोराला विचारलंत?"
"विचारलं."
आणि बशीकडे बघत राहिले.
हा शब्द मी जबान्यांमध्ये पुष्कळ वाचलाय.

सातवा शब्द होता पुल. किंवा पूल.
मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं.
इंग्रजीत एकाचा अर्थ ओढ, दुसऱ्याचा डोह,
आमच्यात वेदगंगेवरचा, यमगर्णीचा.
माझ्या शंकेनं कुणी वाचणार नव्हतं,
मशीन दोन्ही करून बघतं, डोळा लवायच्या आत.
तरी मी तिथंच थांबले.
"कोर्टाचा लेखी हुकूम आणा. मग वाचते."

ते रागावले नाहीत. झेरॉक्स घडी करून खिशात घातली.
"उद्या आणतो. वाचता तरी येतंय ना?"
"बघावं लागेल," मी म्हणाले.

खोटं.
डोळ्यांना वाचू नका म्हणून सांगता येत नाही.
बारा शब्द केव्हाच आत उतरले होते, ओळीनं,
आणि आता जिन्यावर पाऊल वाजलं
की मी मोजते, किती पायऱ्या.

दुपारी हलग्याचे एक म्हातारे वाटणीपत्र घेऊन आले.
ओढा, बांध, चिंचेची दोन झाडं,
पुढं ओढ्यावरचा पूल.
मी गप्प झाले.
त्यांनी कानामागे हात नेला.
"पुढं काय लिवलंय, बाई?"