एकतिसावी होडी

शनिवारी साडेपाचला मी धक्क्यावरची खोली उघडते.
कुबट वासाची लाइफजॅकेटं, वल्ही,
दोरीला बांधलेली पेन्सिल, वही.
वजन लोक खोटं सांगतात,
मी मनातल्या मनात वीस पौंड वाढवून जॅकेट देते.

आमच्या काउंटीत सिग्नल एक, तळी दोनशे चौदा,
वाजवणारे किती, ते कुणी मोजलेलं नाही.
टोइवो लाहती दिवसभर सेप्टिक टाक्या उपसतो,
संध्याकाळी तीनदा हात धुऊन अकॉर्डियन गळ्यात घेतो.
डार्ला शाळेची बस चालवते. तिचं फिडल
पहिली दोन गाणी गारठ्यानं कुरकुरतं.
बासवर वेंडेल. त्याचं गळ-आमिषाचं दुकान आहे,
फ्रिजमध्ये लोण्याशेजारी गांडुळं.

तळ्याच्या मध्यावर नांगरलेला तराफा हेच स्टेज,
आणि भोवती आपापल्या होडीत माणसं,
एक डोकं तुटलेला प्लास्टिकचा हंससुद्धा.
टाळ्यांना हात मोकळे नसतात.
गाणं संपलं की सगळे वल्ह्याच्या दांड्यानं
होडीच्या कुशीवर ठोकतात,
आणि लून पक्षी दचकून बुडी मारतो.

पहिल्या उन्हाळ्यात मला हसू यायचं.
माझे वडील नांदेडला तबल्यांना शाई भरायचे,
थरावर थर, दगडानं घासून.
कान तिथे तयार झालेला, त्याला हा पोल्का!
एक-दोन, एक-दोन, जिना उतरल्यासारखा.
वडिलांना फोनवर ऐकवलं.
थोडा वेळ गप्प राहून म्हणाले,
"डावा जरा उतरलाय. बाकी माणसं मजेत दिसतात."

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी
तराफा धक्क्याला लागला
आणि मागून लव्हाळ्यातून धुकं आलं.
आधी हंस गेला, मग पलीकडचा किनारा,
मग माझ्याच हातातल्या टॉर्चचा उजेड,
समोर भिंतीसारखा अडलेला.
वहीत एकतीस होड्या. धक्क्याला चार.

टोइवो पालथ्या क्रेटवर बसला.
कुणाशी काही बोलला नाही, वॉल्ट्झ धरला.
तोच एक, पुन्हा पुन्हा,
दादऱ्यासारखा सहा मात्रांत झुलणारा.
आवाजाच्या दोरीला धरून होड्या येत गेल्या.
ठक्, दहा. ठक्, अकरा.
पोरं रडवेली, एक म्हातारा कुत्र्याला शिव्या देणारा,
हंस उलट्या तोंडानं, म्हणजे तोंड नाहीच, तरी.
सव्वानऊला तीस.

राहिली सात नंबरची पिवळी कयाक.
मार्लिस.

तिचा नवरा यांच्यात क्लॅरिनेट वाजवायचा.
दोन हिवाळ्यांपूर्वी गेला, झोपेत, काही गाजावाजा नाही.
त्याची खुर्ची तराफ्यावर अजून असते,
तिच्यावर कॉफीचा थर्मास.
आणि या वॉल्ट्झमध्ये, दुसऱ्या ओळीनंतर,
जिथे त्याचं उत्तर यायचं,
तिथे सहा मात्रा हे तिघे अजून वाजवत नाहीत.
कुणी ठरवलेलं नाही.
मला वाटायचं, विसरतात.

वेंडेलची बोटं सोलली होती.
डार्ला मोटरबोटीची किल्ली शोधत होती एका हातानं,
म्हणजे फिडल थांबलंच होतं,
फक्त अकॉर्डियन, धापा टाकल्यासारखं.
दुसरी ओळ संपली. रिकामी जागा आली.

आणि धुक्यातून, लांबून,
वल्ह्याचा दांडा होडीवर:
टक्, टक्-टक्. टक्, टक्-टक्.
बरोबर सहा.

टोइवोनं डोळे मिटले. पुन्हा पहिल्यापासून.
पुन्हा ती जागा, पुन्हा सहा,
या वेळी थोडे जवळ.
मी मोजणं सोडलं.
हाताची टाळी मांडीवर पडत होती,
खाली आली की आपोआप उघडत होती,
लहानपणी पडायची तशी.

अकराव्या फेरीला पिवळं टोक धक्क्याला लागलं.
मार्लिसचे केस ओले, चेहरा नेहमीचा.
"हरवले नव्हते," ती म्हणाली,
"मध्यावर जास्त छान ऐकू येत होतं.
पण तुम्ही फार संथ घेता रे. तो असा रेंगाळायचा नाही."

थर्मासमधली कॉफी गार झाली होती, ती तिनं संपवली.
मी वहीत लिहिलं: सात नंबर, परत, नऊ पन्नास.
उशिराचे पाच डॉलर तिनं काढून दिले.
मी घेतले.
नियम आहे.