खालून वर

कुताइसी, फेब्रुवारी. हीटरवर पाय टेकून
मी एका बुडालेल्या कंपनीची लिपी लावत बसलेय.
पहिले चार बाइट म्हणजे गोत्र.
मग रुंदी, मग उंची, मग एक आकडा,
प्रत्येक फाईलमध्ये सात.
कशाचे सात, ते सांगणारं कुणी उरलं नाही.
मी तो वाचते, सोडून देते,
आणि कोडमध्ये टीप ठेवते: सात. कारण माहीत नाही.

आमच्या टूलकिटला एकोणपन्नास तऱ्हेची चित्रं उघडता येतात.
पन्नासावी कुणी मागितली नव्हती,
नेस्तानमावशी सोडून.
त्या रेशीम केंद्रात तीस वर्षं होत्या.
बिस्किटांच्या डब्यातून सव्वीस फ्लॉप्या घेऊन आल्या,
तिघींना बुरशी.
"स्कॅनर आला," म्हणाल्या, "आणि त्याच महिन्यात वीज गेली.
मग दिवसाला दोन तास, तेही तिच्या मर्जीने."

पहिल्या खेपेला चित्र तिरकं आलं,
कापडाची चळत एका बाजूला कलंडावी तसं.
ओळ चारच्या पटीत संपवायची त्यांची रीत होती,
कमी पडलं की शून्यांनी भरायचं.
ती शून्यं गाळली.
मग पिवळे कोष आकाशी निघाले,
माणसांचे हात निळे.
तांबड्यानिळ्यांची अदलाबदल झालेली,
तुतीचं पान तेवढं हिरवंच:
मधला रंग आपली जागा सोडत नाही.
तेही सरळ केलं, तर सगळं डोक्यावर उभं.
तेव्हा समजलं, हे लोक चित्र तळापासून रचत,
आधी जमीन, आभाळ शेवटी.

बावीस फाईली उघडल्या. पतंग, अळ्या, पतंग, एक मांजर.
तेविसावी मध्येच संपली.
माझ्याच कोडने मला बजावलं: फाईल अपुरी. चूक क्रमांक नऊ.

ग्रोनिंगनहून योरिटने लिहिलं,
अपुरं चित्र हे चित्र नव्हे, वापरणाऱ्याला फसवू नये.
नियम चांगला आहे. तो ठरवताना मीही होते.

रात्री नियम बाजूला ठेवला.
आहे तेवढं वाच, उरलेलं राखाडी रंगव.

बूट.
नऊ जोड. मोजे, गुडघे, कोटांच्या कडा,
एका परातीला लागलेले सहा हात, परातीत कोष.
त्याच्या वर पट्टीने आखल्यासारखी रेघ,
आणि रेघेच्या वर काही नाही.

मावशींनी चष्मा पुसला, परत घातला.
"हा वाझा, भावाचे लष्करी बूट घालायचा.
ही त्सियाला, नाडी कायम सुटलेली.
हे माझे. डाव्याचा तळ मी टायरच्या तुकड्याने शिवला होता."
बोट पुढे सरकलं
आणि एका पुरुषाच्या जोडावर थांबलं.
चिखलाच्या त्या वर्षात पॉलिश केलेले.
मी विचारलं नाही.
हीटर दोनदा कडकडला.

"वरचं आणता येईल?"
"नाही. ते लिहिलंच गेलं नाही.
साठवताना वीज गेली असणार."
"मूळ फोटो शेगडीत गेला," त्या म्हणाल्या.
"त्या हिवाळ्यात खुर्च्याही गेल्या.
आम्हाला वाटलं, स्कॅन केलाय, आता काय भीती."
आणि त्या हसल्या, चक्क हसल्या,
खांदे हलेपर्यंत.

जाताना छापील कागद मागितला.
मी म्हटलं, राखाडी भाग कापून देऊ?
"नको. डोकी तिथंच होती ना."

मग मी दुरुस्ती पाठवली:
चित्र द्यावं, आणि सोबत सांगावं की ते अर्धं आहे.
दोन्ही. एकावाचून दुसरं नाही.

दोन दिवसांनी योरिटचं उत्तर आलं.
मान्य. सातचं कोडं सुटलं तर कळव.
आणि एक, राखाडीच का?

मी बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग लिहिलं:
कुठला तरी रंग द्यावा लागतो.