वजा आकाश

आपण अंधार म्हणतो, पण या रंगात अंधार नसतोच.
तांबड्याच्या थोडं पलीकडे, जिथे डोळा हात टेकतो,
तिथे आकाश स्वतःच जळत असतं;
नव्वद किलोमीटर उंचावरची हवा
दिवसभर प्यायलेलं ऊन
रात्रभर थोडं थोडं ओकत राहते.
आणि त्या उजेडामागे, त्याच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढी,
एखादी दीर्घिका.

नोल्बेर्तो कोल्के हे कुणाला समजावत बसत नाही.
ताल्तालला घरी विचारलं
तर म्हणतो, आकाश पुसतो.

साठ सेकंद उघड. मिट.
दुर्बीण केसभर सरकव. पुन्हा साठ सेकंद.
नखाआड मावेल असा तोच तुकडा, आज सोळावी रात्र.
मग सगळ्या चित्रांत जे जे सारखं, ते आकाश,
ते वजा करायचं,
सुपातून कोंडा उडवावा तसं,
आणि उरतील ते चार दाणे मोजायचे.
त्यातले काही तारे व्हायचे राहून गेलेले,
कोमट गोळे, पेटलेच नाहीत कधी.
काही इतके दूरचे
की त्यांचा उजेड निघाला तेव्हा निळा होता,
वाटेत ताणत ताणत असा सैलावला,
आईने विणलेल्या या स्वेटरच्या बाह्यांसारखा.

कॅमेरा उणे दोनशेवर गोठवलेला.
दुसऱ्याची ऊब पाहायची
तर आधी स्वतःची घालवावी लागते.
(कंट्रोल रूमचा हीटर मात्र मंगळवारपासून बंद आहे,
ते वेगळं.)

तीन वाजून वीस मिनिटांनी
चहावर वर्तुळं उठली.
सिनिक्का, फिनलंडची, पहिल्यांदाच आलेली,
टेबल धरून उभी राहिली.
नोल्बेर्तोने फक्त कप उचलला.
अकरा सेकंद. मग काही नाही.

दोनशे बारावं चित्र पडद्यावर आलं
आणि प्रत्येक ताऱ्याने काहीतरी लिहिलं होतं.
एक आकडी, एक गाठ, खाली ओढलेली शेपटी;
जवळच्याने तेच, दूरच्याने तेच,
अकरा अब्ज वर्षं चालून आलेल्या ठिपक्यानेही
तेच अक्षर, त्याच वळणाचं.
इतक्या जणांचं एकमत त्याने
युनियनच्या बैठकीतही पाहिलं नव्हतं.

"हे काढून टाकायचं ना?" सिनिक्काने विचारलं.
"काढायचंच."
त्याने खूण केली: निरुपयोगी.
आणि ती पाठमोरी असताना
एक प्रत स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली.
का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सकाळी फोन. आई किनाऱ्यावरून
शेवाळाचे भारे ओढून नुकतीच परतलेली,
धाप अजून बसायची होती.
"जाणवला?"
"जाणवला."
"मी कपाट धरलं दोन्ही हातांनी."
"ताटल्या?"
"एक गेली. निळी."

मग त्याने पडदे ओढून घेतले.
उन्हाची एक चीर तरी उरलीच, भिंतीवर,
तिच्याकडे पाठ करून झोपला.