दालन क्रमांक नऊ

कोपनहेगनच्या या भल्यामोठ्या संग्रहालयात
माझ्या वाट्याला खुर्च्या आल्या.
एकशे चौदा.
आणि एकीवरही कुणी बसायचं नाही,
हे सांगायला मी.

लोक इथवर येतात ते दमूनच.
खाली चांदीची भांडी, मग चिनी माती,
मग पोस्टरांचा तो न संपणारा बोळ.
नवव्या दालनात पोचेस्तोवर गुडघे बोलायला लागलेले,
आणि समोर नुसत्या खुर्च्या.
भरल्या पंगतीत तोंड बांधून बसवावं तसं.
बसवावं तरी कुठलं, उभंच.

सगळ्यात जास्त विचारतात :
स्वच्छतागृह कुठे आहे?
त्याखालोखाल :
ही खरी आहे का?
खरी म्हणजे काय, ते अकरा वर्षांत
मी कुणाला उलट विचारलेलं नाही.

बहात्तर नंबरच्या बाकापाशी एक जोडपं भांडलं,
संग्रहालयात भांडतात तसं, ओठ न हलवता.
तो म्हणाला, आपल्याकडे अगदी असंच होतं.
ती म्हणाली, ते तुझ्या आईकडे होतं.
मग दोघं बराच वेळ
बाकाकडे बघत राहिली,
जणू आता त्यानंच काय ते सांगावं.

एस्बियर्गचा टोर्किल, निवृत्त सुतार,
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतो.
घडीची पट्टी उलगडून
हवेतल्या हवेत माप घेतो.
लाकडाला शिवत नाही, बिचारा नियमाचा पक्का.
'इथं लबाडी केलीय,' पुटपुटतो
आणि कुणी, ते न सांगता
घरी जातो, तीन तासांच्या गाडीनं.

शाळेची पोरं आली की मी उठून उभा राहतो.
एकीनं माझ्याच खुर्चीकडे बोट केलं :
हिचा नंबर काय?
काळं प्लॅस्टिक, मागच्या पायाला राखाडी चिकटपट्टी.
मी म्हटलं, हिला नंबर नाही.
तिनं वहीत तिचंच चित्र काढलं,
चिकटपट्टीसकट.

नोव्हेंबरात इंगरलिसे आली.
ओला कोट, पांढरी काठी,
पाट्या वाचून दाखवायला सोबत भाचा.
तो वाचत होता : ओक, वर्ष, नाव. बीच, वर्ष, नाव.
तिनं विचारलं, पाय कसे आहेत?
चार आहेत, तो म्हणाला.
अरे, कसे?
पोरगं गप्प.
माझ्या तोंडून निघून गेलं :
पहिल्यांदाच उठू बघणाऱ्या वासरासारखे.
ती हसली, माझ्या बाजूला वळली,
म्हणाली, हात लावू?

नाही.
अकरा वर्षं वापरून वापरून
हा शब्द माझ्या तोंडात
जिन्याच्या कठड्यासारखा गुळगुळीत झालाय.
सहज निघाला. मग मात्र
तिचा हात हवेत तसाच राहिलेला दिसला.

मी माझी खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली.
पाय घासल्याचा आवाज
दालनभर फिरून आला.

ती वाकली. पाठ, कड, खाली गेलेलं बूड,
एक तडा, जो मलाही ठाऊक नव्हता.
चिकटपट्टीवर अंगठा थांबला.
'अजून ऊब आहे,' म्हणाली.
आणि थोड्या वेळानं :
'इथं बसणारा माणूस डावीकडे कलतो.
फार वर्षांपासून.'

डावीकडे खिडकी आहे. खिडकीत कालवा.

मग ती बसली. भाचा फरशीवरच मांडी घालून बसला.
मी उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.
टोर्किल असता तर त्यानं
मापं टिपून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी ठरवून ताठ बसलो.
दुपारी बारापर्यंत निभावलं.
मग कालव्यावर एक बाई आली,
तिनं होडीवरची ताडपत्री झटकली,
पुन्हा तिथंच अंथरली,
आणि मी बघत होतो.