दुभाषी

पाच देशांचे पाहुणे आले मित्रोवित्साला,
इबार नदीच्या पुलावर.
मी मधे. माझं काम
इकडचं तिकडे करायचं.

'तीव्र चिंता' त्या दिवशी
मी अकरा वेळा उतरवली,
सहा वेळा अल्बानियनमध्ये, पाच वेळा सर्बियनमध्ये.
एकदा ठसका लागला, तेवढी एक चिंता राहिली.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

दक्षिण काठावर लुमतुरिये म्हणाली,
ती पिवळी इमारत, तिसरा मजला, ते माझं घर.
माझ्या बाल्कनीत कुणाचे कपडे वाळतात
ते मला इथून दिसतं.
पाहुण्यांनी लिहून घेतलं: मालमत्तेचा प्रश्न.

उत्तरेला देसांका म्हणाली,
माझे वाळतात. माझं घर तिकडे खाली होतं,
छप्परसुद्धा ठेवलं नाही.
तेही लिहिलं,
त्याच ओळीत, स्वल्पविराम देऊन.

दोन्ही काठ एकमेकांना पाण्यात पाहतात
आणि उन्हाळ्यात पाणी जेमतेम गुडघाभर.

संयमाचं आवाहन झालं. फोटो झाला.
एका पाहुण्यानं विचारलं, कॉफी कुठल्या बाजूची चांगली?
मी दोघांनाही विचारलं नाही.

गाड्या विमानतळाकडे गेल्या.
माझा टॅक्सीवाला खाली वाकून
स्क्रू-ड्रायव्हरनं नंबरपाटी बदलत होता, दुसऱ्या काठासाठी.
तेवढ्यात लुमतुरिये मागून आली.
रागातच होती.
म्हणाली, सांग तिला,
त्या बाल्कनीत वारा डोंगराकडून येतो,
चादरीला चार चिमटे लाव म्हणावं, दोन पुरत नाहीत.

एवढं एक वाक्य अजून माझ्याकडेच आहे.
याचे पैसे कुणी ठरवले नव्हते.